मौलाचाचांनी तोडलेले शब्द

छापखान्यात माणूस दहा वर्षं टिकला की त्याच्या अंगाला दोन गोष्टी चिकटतात. एक शाई आणि दुसरे किस्से. शाई राखेनं घासली, रॉकेलनं पुसली की निघते तरी. किस्से मात्र वाढतच जातात. एक सांगायला घ्यावा तर त्याची शेपटी धरून दुसरा बाहेर येतो, आणि आमच्या घरची मंडळी म्हणतात, "झालं! लागला छापखाना चालू!"

तर होऊ द्या चालू.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. जगाची दुसरी मोठी लढाई पेटलेली होती, तेव्हापासूनची. आमच्या गावाला आम्ही घरात धाराशिव म्हणायचो आणि कागदावर निजामाच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद लिहायचो. तिथं पेठेच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक मशीन, शिशाच्या खिळ्यांचे लाकडी खण, आणि माणसं तीन.

मालक वीरप्पा अण्णा मुरूमकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू, आणि राग आला की तिन्ही एकदम! मौलाचाचा खिळे जुळवायचे, म्हणजे एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ लावायची. साठीला आलेले, डोळ्याला जाड चष्मा, बोलणं अस्सल दख्खनी. आणि मी प्रूफं तपासायचो. त्याआधी दोन वर्षं बेंबळीला शाळेत शिकवत होतो, म्हणून इथंही मला सगळे 'मास्तर'च म्हणायचे.

लढाईपायी कागद मिळेना. मिळाला तर चिंचोळा. ओळ आखूड आणि आमच्या लोकांचे शब्द लांब! शब्द मावला नाही की तोडायचा आणि उरलेला खालच्या ओळीत ढकलायचा. तो कुठं तोडायचा, यावर आमच्या तिघांची रोज भांडणं.

मी व्याकरण सांगायचो. अण्णा म्हणायचे, "कुटं बी तोडा, पन लवकर तोडा!" चाचांचं शास्त्र वेगळंच होतं. ते शब्द हळूच पुटपुटायचे, अंगठा बोटांच्या पेरांवर एकेक अक्षराला टेकवत जायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मुँह जिदर दम लेता ना, लफ्ज उदर तोडना."

आता इतक्या वर्षांनी वाटतं, माझ्या व्याकरणापेक्षा त्यांची पेरं जास्त खरी होती.

*

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका गावच्या जत्रेचं पत्रक आलं. लिहून आणणाऱ्या गुरुजींनी सगळी विद्या एकाच शब्दात ओतली होती: 'ग्रामदैवतयात्रोत्सवव्यवस्थापकमंडळ'.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"मास्तर, ये लफ्ज है का मालगाडी?"

मी म्हटलं, "मालगाडीच समजा चाचा. डबे सांगतो. ग्राम. दैवत. मग यात्रा. मग उत्सव."

चाचांनी दोन डबे वेगळे केले आणि तिसऱ्याशी अडले. "यात्रा किदर है? इदर तो 'यात्रो' लिखेला है."

मी शिकवायच्या उत्साहात खुर्चीच ओढून बसलो. यात्रामधला 'आ' आणि उत्सवमधला 'उ' एकमेकांना भेटले, दोघंही आपापलं रूप सोडून एक झाले आणि त्यांचा 'ओ' झाला, असं सगळं समजावून सांगितलं. चाचांनी मान डोलवत ऐकून घेतलं आणि हातातला खिळा परत खणात ठेवला.

"मतलब दोनों का निकाह हो गया."

"तसंच म्हणा."

"तो फिर मेरेकू तोडने कू नक्को बोलो!"

त्या दिवशी आम्ही 'यात्रोत्सव' सबंध खालच्या ओळीत नेला. वरची ओळ अर्धी मोकळी राहिली. अण्णा ओरडले, पण चाचा ऐकेनात. बसलेला संसार ते मोडणार नव्हते.

*

बेंबळीच्या एका पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेवर शुभविवाह मोठ्या ठशात हवं, अशी त्यांची आज्ञा. ठसा मोठा, कागद अरुंद. वरच्या ओळीत 'शुभवि' बसलं आणि खालच्या ओळीत 'वाह' एकटंच मधोमध उभं राहिलं.

मी प्रूफावर लाल रेघ मारली. पण पाटलांची बैलगाडी दारात थांबलेली, अण्णांनी तसंच छापून दिलं.

चौथ्या दिवशी पाटील परत आले. आम्ही तिघंही आपापल्या कामात एकदम गढून गेलो!

"ती पत्रिका कुनी जुळवली?"

चाचांनी चष्मा काढून हातात घेतला. मार बसला तर काच फुटू नये म्हणून, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

पाटलांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "चाचा, आमाला काय वाचता येत न्हाय. चावडीवर गुरुजींनी वाचली. 'शुभवि' म्हनले, दम घेतला, आन् मोठ्यांदा म्हनले, 'वाह!' सगळा गाव म्हनला, वाह! आवो, आजवर आमच्या घरातल्या कुठल्या कामाला गावानं वाह म्हटलंय?"

पुढं त्यांच्या धाकट्या दोघींच्याही पत्रिका आमच्याकडंच आल्या. तोवर रुंद कागद मिळायला लागला होता. पण पाटील दारातूनच सांगायचे, "त्यो वाह तेवढा खालीच ऱ्हाऊ द्या!"

*

एका तालुक्याच्या कचेरीसाठी आम्ही पुठ्ठ्याच्या पाट्या छापल्या. साहेबांच्या खोलीवरची पाटी उर्दूत आणि खाली मराठीत. मराठी दोन ओळींत बसली. वर 'तहसील', खाली 'दार'.

ढोकीच्या एका शेतकऱ्याचा बैल कोंडवाड्यात अडकला होता. पेरणी तोंडावर आलेली. आठ दिवस तो रोज कचेरीत यायचा आणि कारकून रोज त्याला बाहेरूनच "कल आव" म्हणून परत पाठवायचा. नवव्या दिवशी त्यानं पाटी अक्षर लावून वाचली आणि सरळ साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

साहेब दचकले. "किसने अंदर छोडा?"

"कुनी न्हाय सरकार. भाईर पाटी लावलीय की! तहसील… दार!"

साहेबांनी उठून बाहेर जाऊन पाटी पाहिली म्हणे. परत आले, कारकुनाला बोलावलं, आणि बैल त्याच दिवशी सुटला. तो माणूस बैल घेऊन मुद्दाम आमच्या गल्लीतून गेला. आत आला नाही, नुसता दारात बैल थांबवून हसला आणि गेला.

*

आता दवाखान्याचं.

सोलापूरहून एक तरुण डॉक्टर गावात आले. त्यांनी भिंतीवर लावायला पुठ्ठ्याचे दहाबारा तक्ते सांगितले. उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आम्ही ते छापले आणि 'दवाखाना' शब्दाचं असं झालं: वर 'दवाखा', खाली 'ना'.

डॉक्टर भडकले. "अहो, हे काय? दवा खा ना! मी काय पेशंटच्या हातापाया पडतोय?"

अण्णा पुन्हा छापून द्यायला तयार झाले. पण चाचा त्या तक्त्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "एक मेरेकू देव."

चाचांच्या बीबी, आम्ही त्यांना खालाजान म्हणायचो, महिन्याभरापासून तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. औषध कडू, म्हणून तोंडात घेईनात. घरात दोघंच. चाचा कामावर यायचे खरे, पण त्या महिन्यात त्यांच्या ओळी वाकड्या लागत होत्या. मी प्रूफात गुपचूप सुधारायचो.

चाचांनी तो तक्ता खाटेसमोरच्या भिंतीला लावला. खालाजानना अक्षरओळख नव्हती. चाचाच वाचून दाखवायचे. 'खा'वर आवाज लांबवायचा, 'ना' अगदी हळू: "दवा खाऽ ना." लाडीगोडीनं.

खालाजान तेच शब्द परत म्हणायच्या, पण 'ना' असा टणकन, जसा दगड पडावा: "दवा खा? ना!"

हे सगळं चाचा छापखान्यात दोन्ही आवाज काढून करून दाखवायचे. "मास्तर, देखो, अक्षरां एकीच. मैं बोलूं तो मिन्नत, उनो बोले तो इन्कार!"

एका सकाळी चाचा उशिरा आले. मग त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आज उनो खुद बोली. 'खाऽ ना' बोलके मेरे सरीखीच बोली, हसी, और पी गई."

हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी नवे तक्ते घेतलेच नाहीत. जुनेच लावले, आणि पोरंबाळं औषधाला नाक मुरडायला लागली की त्यांना वाचून दाखवायला लागले.

*

अण्णांचा एकच नियम पक्का होता. देवाचं आणि माणसाचं नाव तोडायचं नाही. पण तोही कागदाच्या टंचाईत मोडत चालला होता.

माकणीहून एक बाई आली. पन्नाशीची, कपाळाला विभूती, सोबत कुणी नाही. नवऱ्याच्या दिवसांची पत्रं छापायची होती. नवऱ्याचं नाव मल्लिकार्जुनप्पा. चाचांनी ओळ लावली, नाव 'मल्लिका'पाशी संपलं आणि 'र्जुनप्पा' काही केल्या एकटं उभं राहीना. 'मल्लि' वर, 'कार्जुनप्पा' खाली, असं करून दाखवलं.

बाईला वाचता येत नव्हतं. पण दोन ओळी दिसल्या.

"ह्ये वरलं बी त्येंचंच नाव का?"

"हौ अम्मा."

"आन् खाललं बी?"

"हौ."

ती म्हणाली, "एका वळीत बसवा वो. जित्तेपनी लई तुटलं ते मानूस. आता तरी तोडू नगा."

आमच्याकडं त्याहून बारीक खिळे नव्हते. मी तसं सांगणार, तेवढ्यात अण्णा उठले. मागच्या खोलीत गेले आणि कानस घेऊन आले. चाचांपुढं ठेवली.

खिळा घासला की तो कायमचा बिघडतो. पुढं दुसऱ्या कुठल्या ओळीत तो नीट उभा राहत नाही. अण्णा एक खिळा जमिनीवर पडला तर दिवसभर बोलणारे! त्या दुपारी मात्र चाचा एकेक अक्षराची कड घासत होते आणि अण्णा शेजारी बसून घासलेला खिळा बोटानं चाचपून बघत होते. संध्याकाळी नाव एका ओळीत बसलं. अक्षरं एकमेकांना खेटून, गर्दीत उभी राहिल्यासारखी.

बाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाई बोटाला लागली. तिनं ती पुसली नाही.

*

पुढची गोष्ट लढाई संपल्यानंतरची. तेव्हा सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची, आणि मिळाली तरी पोलिसांचा जमादार वही घेऊन समोर बसायचा. वक्ता काय बोलला ते टिपून वर पाठवायचा.

वाचनालयाच्या मंडळींनी बाहेरगावच्या एका वक्त्याचं व्याख्यान ठरवलं. बरेच खेटे घालून परवानगी आणली. पत्रकं आमच्याकडं आली. चाचांनी जुळवली, मी त्या दिवशी बेंबळीला गेलो होतो, प्रूफ पाहिलं नाही. पहिली ओळ अशी छापली गेली: 'व्याख्यानास परवा'. उरलेलं 'नगी मिळाली आहे, आज सायंकाळी पाच वाजता' हे सगळं खाली बारक्या अक्षरात.

पेठेत एक हॉटेलवाला होता. आवाज खणखणीत, वाचन जेमतेम. त्यानं पहिली ओळ मोठ्यांदा वाचली आणि झालं! "परवा हाय! व्याख्यान परवा हाय!" पेठभर तेच. ठाण्यावरही तेच कळलं, कारण कचेरीचा लेखी हुकूम तिथं पोचायला दोन दिवस लागायचे आणि पेठेतली बातमी दोन मिनिटांत पोचायची.

त्या संध्याकाळी व्याख्यानाला आले वाचनालयाचेच वीसपंचवीस लोक. जमादार नाही, वही नाही. वक्ते जे बोलले, ते तसं मोकळेपणानं बोललेलं मी त्या काळात पुन्हा कधी ऐकलं नाही. माझ्या शेजारचा माणूस रडत होता. वक्ते पहाटेच्या गाडीनं निघूनही गेले.

आणि त्या 'परवा'ला, सभेच्या नेहमीच्या वेळी, दोनशे लोक जमले! पुढं खुर्ची टाकून जमादार बसलेला, वही उघडून, टाक शाईत बुडवून. आता वक्ता आणायचा कुठून? मंडळींचे चेहरे पांढरे पडले. वक्ता बोलून गेला म्हणावं, तर काय बोलला हा प्रश्न येणार.

शेवटी वीरप्पा अण्णा उभे राहिले. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि जनावरांच्या खुरकूत रोगावर अर्धा तास भाषण ठोकलं. त्यातलं अर्धं कानडीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जमादारानं काय लिहिलं ते पुढं ठाण्यातल्याच एकानं सांगितलं. 'वक्त्याने बैलांच्या पायांविषयी भाषण केले. सरकारविरुद्ध काही आढळले नाही. बैलांची मात्र दया आली.'

दुसऱ्या दिवशी मी चाचांना एकटं गाठलं. "चाचा, तुम्ही 'परवा'पाशी कसे काय तोडलेत? तुमच्या हातून असं होत नाही."

चाचा खिळे धूत होते. मान वर न करता म्हणाले, "गलती हो गई मास्तर."

*

आणि हा शेवटचा. राज्य जाण्याच्या आधीच्या वर्षातला. दिवस वाईट होते. कोण कुणाची चुगली करील सांगता येत नव्हतं. संध्याकाळी अण्णा दाराला आतून दोन कड्या लावायचे. माझ्या बायकोचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि मी तिला माहेरी पोचवू की इथंच ठेवू, या घोरात होतो.

अशात शाळांच्या क्रीडास्पर्धेचं पत्रक आलं. साधं पत्रक. वर गावाचं नाव. कागद अरुंद. नाव दोन ओळींत गेलं आणि प्रूफ मीच पाहिलं होतं. माझ्या नजरेला त्यात काही खटकलं नाही. तिघांपैकी कुणालाच खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, स्वतः छापखान्यात आले. बाहेर दोन शिपाई. हातात आमचं पत्रक, आणि सोबत चुगली करणारा एक गृहस्थ. त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"देखिये हुजूर. ऊपर लिखा है 'उस्मा'. और नीचे? 'नाबाद'! ना-आबाद! मतलब उजाड! सरकार के नाम का शहर, और ये लोगां उसकू उजाड बोल रै!"

छापखान्याला कुलूप आणि आम्ही तिघं तुरुंगात, एवढंच डोळ्यांपुढं आलं. चाचांनी भिंत धरली. अण्णांच्या तोंडून तिन्ही भाषांपैकी एकही निघेना.

मी पुढं झालो. आपण काय बोलणार हे मला शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"साहेब, हे खेळाचं पत्रक आहे. आमच्याकडं खेळात गडी मेला की 'बाद' म्हणतात. शेवटपर्यंत जो मरत नाही, मैदान सोडत नाही, त्याला म्हणायचं 'नाबाद'."

अमीनसाहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. हैदराबादच्या कॉलेजात शिकलेला, पस्तिशीचा माणूस.

"मतलब… नॉट आऊट?"

"जी. नॉट आऊट."

ते पुन्हा पत्रकाकडं बघत राहिले. मग हसायला लागले. "अरे, मैं खुद कॉलेज की टीम में था! उस्मा… नॉट आऊट! बहोत खूब!" चुगलीवाल्याला त्यांनी दोन शब्द सुनावून घालवून दिलं. शिपायांना गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबायला सांगितलं. अण्णांनी घाईघाईनं चहा मागवला. साहेबांनी तो उभ्यानंच घेतला.

निघताना त्यांनी पत्रकाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. दाराशी थांबले. बाहेर कुणी नाही असं पाहिलं. हसू आता चेहऱ्यावर नव्हतं. खालच्या आवाजात मला विचारलं,

"मास्तर, मान लिया, सरकार नॉट आऊट. लेकिन दूसरे सिरे पर कितने विकेट बाकी हैं?"